पाव फेऱ्याची जबाबदारी आणि थांबवण्याचा हक्क

रायफलचे काडतूस म्हणजे चार वस्तूंची जुळणी. पितळेची केस, तिच्या बुडाशी बसवलेली कॅप, पोटात दारू आणि तोंडाशी बुलेट. यातले शेवटचे काम सर्वात साधे दिसते. बुलेट केसच्या तोंडात ठरल्या खोलीपर्यंत बसवायची आणि केसची कड बुलेटभोवती आवळायची. पहिल्याला सीटिंग म्हणतात, दुसऱ्याला क्रिंपिंग. दोन्ही कामे डाय करते. पण डाय किती खाली घ्यायची आणि कुठे घट्ट करायची, हे अजूनही सेटिंग करणारा माणूस ठरवतो. त्या माणसाबद्दल आणि त्याच्या हक्काबद्दल आम्हाला आज लिहायचे आहे.

रेल्वे आणि टपाल खात्यातले वाचक विचारतील, आमचा या काडतुसाशी काय संबंध? संबंध जवळचा आहे. भुसावळच्या लोको शेडमधला फिटर आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतला फिटर एकाच बाजारात भाजी घेतात. खडकी, अंबरनाथ, भंडारा, भद्रावती, इटारसी, जबलपूर ही सगळी गावे रेल्वेच्या आणि आयुध निर्माण्यांच्या भोंग्यावर वाढली. एकाच घरात एक भाऊ आरएमएसमध्ये आणि दुसरा फॅक्टरीत, अशी कुटुंबे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत. आणि त्यांच्यावर आज जे आले आहे, ते आपल्या दारापर्यंत येऊन गेले आहे किंवा यायचे आहे.

आधी काम समजून घेऊ. कामाची नीट ओळख नसली की हक्काची भाषा पोकळ वाटते.

बुलेट केसमध्ये उथळ बसली तर काडतूस लांब होते. ते मॅगझिनमध्ये अडकते, किंवा चेंबरमध्ये गेल्यावर बुलेटचे टोक नळीच्या आट्यांना टेकते. जास्त खोल बसली तर दारूला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. म्हणजे खोली ठरल्या मापातच हवी. आता आवळण्याचे बघा. बुलेटच्या कमरेवर बारीक खाचांचा एक पट्टा असतो. केसची कड त्या पट्ट्यात वळून बसली पाहिजे. क्रिंप ढिला राहिला, तर रायफल किंवा मशीनगन काडतूस झटक्याने आत ओढते तेव्हा बुलेट जागची हलते. तोंडाशी फट राहिली तर ओल शिरते. क्रिंप फाजील झाला, तर कड दबण्याऐवजी केसचा खांदा फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये बसतच नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा फुगवटा दिसेलच असे नाही. गेजमध्ये घातल्यावर तो कळतो, आणि गेजमध्ये घातले नाही तर रायफलीत घातल्यावर कळतो.

यातली खरी मेख पुढे आहे. डायची उंची एकदा ठरवून घट्ट केली की ती सगळ्या केसेसना सारखीच लागते. पण केसेस सगळ्या सारख्या नसतात. कापणीत एखादी केस केसभर लांब राहिली तर तीच डाय तिला जास्त आवळते. आखूड राहिली तर तिला जेमतेम शिवते. म्हणजे सकाळी अचूक लावलेली डाय दुपारी चुकीची ठरू शकते, आणि त्यात लावणाऱ्याचा काही दोष नसतो. मागच्या सेक्शनचे कटर बोथट झालेले असते. कधी लाखेचा किंवा मेणाचा थर सीटिंग पंचात साचतो आणि बुलेट हळूहळू खोल जाऊ लागते. डाय स्वतःही झिजते. म्हणून चांगला सेटर कानाने मशीन ऐकतो, हाताने राउंड चाचपतो आणि शंका आली की मशीन थांबवतो. गेज लावतो, पाव फेरा इकडे-तिकडे करतो, पुन्हा गेज लावतो आणि मगच मशीन चालू करतो.

अमेरिकेत हेच काम हजारो लोक हौसेने घरी करतात. गॅरेजमध्ये एक लहान हातप्रेस, तिच्यात आट्यांनी बसणारी डाय, वर लॉक रिंग. शिकारी आणि नेमबाज आपली वापरलेली पितळी केस पुन्हा भरतात. तिथला जाणता माणूस नवख्याला पहिला धडा हाच देतो की, आधी बुलेट नीट बसव, आवळणे नंतर बघ, दोन्ही एकदम साधायला जाऊ नकोस आणि शंका आली तर थांब. बसलेली बुलेट उपटून काढता येते, केस वाचते, बोट आणि डोळाही वाचतो. आपल्याकडे ही मोकळीक नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि आमच्या मते ते योग्यच आहे. पण त्या गॅरेजवाल्याकडे एक गोष्ट अशी आहे, जी आमच्या कामगाराकडे नाही. त्याला थांबण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कारण ते काडतूस तो स्वतःच्या गालाशी रायफल धरून उडवणार असतो.

निर्माणीतल्या कामगाराचे काडतूस दुसराच कोणी उडवतो. सियाचीनचा जवान, गडचिरोलीचा पोलीस, तुमच्या गाडीबरोबर चालणारा रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात लाठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या, हे रेल्वेवाल्यांना सांगायला नको. रायफल शिपायाला उघडून पुसता येते, तपासता येते. काडतुसाच्या आत मात्र त्याला डोकावता येत नाही. त्याला ते विश्वासाने घ्यावे लागते. म्हणजे दुसऱ्यासाठी काडतूस बनवणाऱ्याची जबाबदारी गॅरेजवाल्यापेक्षा मोठी आहे. मग त्याचा थांबण्याचा हक्क मात्र लहान का?

या प्रश्नाला शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि तो याच देशातला आहे. इंग्रजी अमलात पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली कमी होत, तेव्हा काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात. पाऊस संपल्यावर पेट्या उघडल्या की अनेक पितळी केसेस तडकलेल्या निघत, आणि तडे विशेषतः बुलेटभोवती आवळलेल्या जागी असत. मोसमात तडकते म्हणून त्या दोषाला मोसमी तडकणे असे नावच पडले. कारण उलगडले ते १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी दाखवून दिले की, घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळात दबून राहिलेला ताण या दोन्हींचा मेळ झाला की धातू फाटतो. पितळ थंड अवस्थेत ओढले, दाबले, आवळले की त्याच्यात ताण साठतो. तो बेताच्या उष्णतेने उतरवला नाही तर तो तिथेच राहतो. वरून काहीच दिसत नाही. वेळ आली, हवा बदलली की तडा जातो.

आम्हाला या गोष्टीत पितळाइतकाच माणूस दिसतो. फॅक्टरीतून निघताना काडतूस पास झाले होते. संख्या भरली होती. पेटीवर शिक्का होता. दोष बाहेर आला तो महिन्यांनी, शेकडो मैलांवर, दुसऱ्याच्या हातात. ज्या कामाचा दोष लगेच दिसत नाही, त्या कामात संख्येची घाई सर्वात घातक असते. कारण घाईचा फायदा आज मोजला जातो आणि तिची किंमत मोजणारा तिथे हजर नसतो.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. १८६९ पासून खडकीत दारूगोळ्याचा कारखाना आहे. त्याच्यासह देशातल्या ४१ आयुध निर्माण्या आयुध निर्माणी मंडळाखाली सरकारी खात्याचा भाग म्हणून चालत होत्या. कंपनीकरणाच्या विरोधात तिथल्या कामगारांनी २० ऑगस्ट २०१९ पासून महिनाभराचा संप पुकारला होता. चर्चेच्या आश्वासनावर काही दिवसांत तो स्थगित झाला. मे २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, अर्थमंत्र्यांनी कंपनीकरणाची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित झाले, सात कंपन्या झाल्या आणि सुमारे सत्तर हजार कर्मचारी त्यांच्याकडे मानीव प्रतिनियुक्तीवर गेले. दारूगोळ्याचे बारा कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आले.

टपालातल्या जुन्या सहकाऱ्यांना १ ऑक्टोबर ही तारीख ओळखीची वाटेल. १९८५ मध्ये डाक-तार खात्याची फाळणी झाली, आणि १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचारचे भारत संचार निगम झाले. तेव्हाही सांगितले गेले होते की काही बदलणार नाही, फक्त निर्णय लवकर होतील. वीस वर्षांत काय झाले ते आपण पाहिले. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी तिथून सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार माणसे स्वेच्छानिवृत्तीने बाहेर पडली. रेल्वेच्या डबे आणि इंजिन कारखान्यांचे कंपनीकरण करण्याचा प्रस्तावही २०१९ मध्ये पुढे आला होता. म्हणून आम्ही म्हणतो, शेजाऱ्याच्या घरातले हे बोलणे आपल्या भिंतीला कान लावून ऐकण्यासारखे आहे.

कंपनीकरणाच्या बाजूने जे सांगितले गेले, त्यात एक मुद्दा गुणवत्तेचा होता, आणि तो आम्ही टाळणार नाही. महालेखापरीक्षकांनी दारूगोळ्याच्या पुरवठ्यावर आणि दर्जावर ताशेरे मारले होते. सदोष दारूगोळ्याने काही वर्षांत झालेल्या नुकसानीचा लष्करी अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये वर्तमानपत्रांत गाजला. मंडळाने आपली बाजू वेगळी मांडली. आम्ही त्या आकड्यांच्या भांडणात पडत नाही. एक जवान जरी सदोष काडतुसाने जखमी झाला, तरी तो आमचाच कुणाचा मुलगा आहे. पण दर्जाची तक्रार खरी मानली तर तिच्यावरचा उपाय कोणता? कारखान्याच्या पाटीवरचे नाव बदलल्याने केसच्या कापणीतला फरक कमी होत नाही. तो कमी होतो तो कटर वेळेवर बदलल्याने, गेज वेळेवर लावल्याने आणि गेजने नाही म्हटल्यावर मशीन थांबवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहिल्याने.

आणि नेमके इथेच उलटे पाऊल पडले आहे. कंपनीकरणानंतर दारूगोळ्याच्या कारखान्यांत डेंजर बिल्डिंग वर्कर म्हणून मुदतीच्या करारावर माणसे घेण्याच्या जाहिराती निघाल्या. माजी प्रशिक्षणार्थी घ्यायचे, एका वर्षाचा करार, पुढे जमले तर वाढवायचा. नावातच डेंजर असलेल्या इमारतीत एका वर्षाची नोकरी! त्या तरुणांच्या कौशल्याबद्दल आम्हाला शंका नाही. शंका आहे ती त्यांना उरलेल्या धैर्याबद्दल. ज्याचा करार मार्चमध्ये संपतो, तो फेब्रुवारीत सुपरवायझरला सांगेल का की, साहेब, राउंडचा खांदा फुगतोय, मशीन बंद करतो? शंका आली तरी तो आणखी एक पेटी जाऊ देईल. आम्ही त्याला दोष देणार नाही. त्याला त्या जागी उभे करणाऱ्याला देऊ. शिवाय सेटिंगचा हात एका वर्षात तयार होत नाही. तो जुन्या सेटरच्या शेजारी उभे राहून तयार होतो. जुना निवृत्त झाला आणि नवा दरवर्षी बदलला, तर तो हात कोणाकडे सोपवायचा?

२०२१ च्या जून महिन्यात आलेला अध्यादेश आणि ऑगस्टमध्ये झालेला अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा आठवा. तो एका वर्षाच्या मुदतीचा होता. पण त्यात संपाची व्याख्या कशी केली होती? सामुदायिक किरकोळ रजा हा संप. गरजेचा ओव्हरटाइम नाकारणे हा संप. आणि सर्वांवर कडी म्हणजे, ज्याने काम विस्कळीत होईल असे इतर कोणतेही वर्तन हाही संप. आता विचार करा. सीटिंगवरचा सेटर, कापणीवरचा मशीनिस्ट आणि गेजवरचा तपासनीस, तिघांनी मिळून ठरवले की हा लॉट पुढे जाऊ द्यायचा नाही. काम तर विस्कळीत झालेच! असा शब्दांचा फास सैल ठेवला की तो कोणाच्याही गळ्यात बसतो. कायद्याची मुदत संपते, पण त्याने शिकवलेली भीती मनातून लवकर जात नाही.

२४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन किमान आठ कामगारांचा जीव गेला. त्याचे कारण काय हे सांगणे चौकशीचे काम आहे, आम्ही इथे निकाल देत नाही. पण दारूच्या सान्निध्यात काम करणाऱ्या माणसाची शंका ही किती मोलाची वस्तू आहे, हे त्या दिवसाने पुन्हा सांगितले.

आम्ही काही नवीन मागत नाही. थांबवण्याचा हक्क आपल्या खात्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. रुळाला तडा दिसला की कीमन लाल बावटा दाखवतो, पटरीवर फटाके लावतो आणि मेल असो की मालगाडी, ती उभी राहते. आधी डिव्हिजनला विचारून ये, असे त्याला कोणी म्हणत नाही. डब्याचा स्प्रिंग किंवा चाक संशयास्पद दिसले की टीएक्सआर त्याच्यावर सिकची चिठ्ठी लावतो आणि डबा कापून सिक लाइनला जातो. वर्कशॉपमध्ये अॅक्सलवर चाक दाबून बसवतात तेव्हा किती दाब लागला याचा आलेख निघतो. आलेख ठरल्या रेषेत नसेल तर चाक पुन्हा काढतात. सिग्नलवाला वायरच्या टोकाला लग क्रिंप करतो आणि हाताने ओढून बघतो. सुटला तर फेकून दुसरा लावतो. आरएमएसमध्ये पिशवीची लाख फुटलेली दिसली तर सॉर्टर ती मुकाट्याने पुढे ढकलत नाही, नोंद करतो, कारण एकदा सही झाली की जबाबदारी त्याची. या सगळ्या गोष्टींत गाडी लेट होते, डाक मागे राहते. तरीही नियम तसाच आहे, कारण आपल्या आधीच्या लोकांनी अपघात पाहून, माणसे गमावून आणि संघटनेतून भांडून तो लिहून घेतला.

व्यवस्थापनाचे लोक यावर नेहमीचा आक्षेप घेतील. असा हक्क दिला तर कामचुकार माणूस दिवसभर मशीन बंद ठेवील. त्याला आमचे उत्तर सोपे आहे. शंकेचा निवाडा गेज करते, मोठा आवाज करत नाही. मशीन थांबवले की वेळ लिहा, कारण लिहा, गेजचे माप लिहा आणि दोघांनी सह्या करा. शंका खरी निघाली तर सेटिंग दुरुस्त होईल, खोटी निघाली तर काही मिनिटांत मशीन सुरू होईल. कोणी खोटेपणाने वारंवार थांबवत असेल तर ते वहीत आपोआप दिसेल. आणि जे साहेब परिसंवादांत उठल्या-सुटल्या जपानचे दाखले देतात, त्यांनी तिथल्या टोयोटा कारखान्यातली दोरीही सांगावी. लाइनवरचा साधा कामगार ती ओढून पूर्ण लाइन थांबवू शकतो. जपानची शिस्त हवी, पण जपानची दोरी नको, हे चालणार नाही.

मग आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, दारूगोळ्याच्या प्रत्येक सेक्शनमध्ये सेटर, मशीनवरचा कामगार आणि तपासनीस यांना शंका आल्यास मशीन थांबवण्याचा हक्क स्थायी आदेशांत लेखी द्यावा, आणि सद्‌भावनेने थांबवल्याबद्दल पगारकपात, बदली किंवा करारसमाप्ती करता येणार नाही असे त्यातच लिहावे. दुसरी, डाय आणि गेजच्या जागा कायम कामगारांकडेच असाव्यात, आणि जुना सेटर निवृत्त होण्याआधी त्याच्या शेजारी नवा माणूस उभा करावा. तिसरी, थांबलेल्या वेळेचा फटका कामगाराच्या पीसवर्कच्या कमाईला बसू नये. ज्याच्या खिशातून थांबण्याचे पैसे जातात, तो थांबत नाही. चौथी, दर्जा तपासणारे आणि संख्या भरणारे एकाच साहेबाच्या हाताखाली नसावेत. पाचवी, प्रत्येक लॉटबरोबर सेटिंगचा तक्ता जपून ठेवावा, तो शिक्षेसाठी नव्हे तर दोषाचे मूळ शोधण्यासाठी.

रेल्वे आणि टपालातल्या आमच्या सहकाऱ्यांना आमचे आवाहन आहे. तुमच्या गावी आयुध निर्माणी असेल तर तिथल्या संघटनेच्या कार्यालयात जा आणि तुमच्या नियमपुस्तकातली थांबवण्याची कलमे त्यांना नेऊन दाखवा. त्यांच्या मागणीला तो सर्वात पक्का आधार आहे. आणि परत आल्यावर आपल्या शाखेच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा. आपल्याकडे हा हक्क नियमात आहे, पण तो वापरणाऱ्या कीमनच्या, टीएक्सआरच्या, सॉर्टरच्या पाठीशी शाखा दर वेळी उभी राहते का? कंत्राटी ट्रॅकमनने आणि ग्रामीण डाक सेवकाने तो वापरला तर आपण त्यांना आपले म्हणतो का? या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शाखेने पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लेखी नोंदवावे.